बाल्कनीतला खासगीपणा: समोरची नजर, आपली गॅलरी आणि कायदा

सकाळी केस वाळवायला, दुपारी कपडे दोरीवर टाकायला आणि संध्याकाळी चहा घेऊन बसायला फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा एकच उघडी जागा असते, ती म्हणजे गॅलरी. ती घराचाच भाग असते आणि तिचे पैसेही मोजलेले असतात. तरीही समोरच्या इमारतीतून, शेजारच्या गच्चीवरून आणि खालच्या रस्त्यावरून ती दिसते. घराच्या आत असताना जो खासगीपणा गृहीत धरला जातो, तो गॅलरीचे दार ओलांडले की किती उरतो, हा प्रश्न म्हणूनच अनेकांना पडतो.

छत्रपती संभाजीनगरमधील गारखेडा परिसरात हा प्रश्न रोजचा आहे. एकेकाळचे हे गाव शहर वाढत गेले तसे त्यात सामावले गेले. विभागीय क्रीडा संकुल आणि सूतगिरणी चौक यांच्या आजूबाजूला वसाहती झाल्या. एक-दोन मजली घरांच्या शेजारी आणि काही ठिकाणी त्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली. काल ज्या अंगणात आणि गच्चीवर फक्त आभाळ डोकावत होते, तिथे आज वरून चार गॅलऱ्या दिसतात. अनेक घरांनी यावर एकच उपाय केला: गॅलरी पूर्ण बंद करून टाकली. हा लेख गॅलरी बंद न करता काय करता येते आणि कायदा कुठे मदतीला येतो, ते सांगतो.

थोडक्यात

- नुसते दिसणे किंवा समोरून पाहिले जाणे, हा सहसा गुन्हा नाही.
- चोरून चित्रीकरण करणे, खासगी क्षण टिपणे आणि ते पसरवणे हा गुन्हा आहे.
- स्त्रीचा विनयभंग करण्याच्या हेतूने तिच्या खासगीपणात घुसणे हाही गुन्हा आहे.
- गॅलरी सगळीकडून झाकावी लागत नाही. नजर कुठून येते ते ओळखून तेवढाच मार्ग अडवता येतो.
- जाळी, चिक आणि गडद काच दिवसा जे काम करतात, ते रात्री आतला दिवा लागल्यावर करत नाहीत.

गॅलरी ही घर की रस्ता?

मराठीत बाल्कनीला सर्रास गॅलरी म्हणतात. जुन्या घरांत सज्जा असे, वाड्यांना झरोके असत. या सगळ्या जागांचा स्वभाव एकच: पाय घरात, चेहरा बाहेर. कागदोपत्रीही गॅलरीचे स्थान थोडे वेगळे आहे. स्थावर संपदा कायदा २०१६, म्हणजे रेरा, यानुसार फ्लॅटचे चटई क्षेत्र मोजताना फक्त त्या फ्लॅटसाठी असलेल्या बाल्कनीचे किंवा व्हरांड्याचे क्षेत्र त्यात धरले जात नाही. करारनाम्यात ते वेगळे दाखवले जाते. म्हणजे जागा मालकाच्या एकट्याच्या वापराची, पण खोलीसारखी नाही.

खासगीपणाच्या बाबतीतही तसेच आहे. न्हाणीघर किंवा झोपायच्या खोलीत आपल्याला कोणी पाहणार नाही, ही अपेक्षा पूर्ण रास्त असते. रस्त्यावर ती नसते. गॅलरी या दोहोंच्या मध्ये येते. तिथे बसलेला माणूस दिसेल हे सगळे मान्य करतात. पण कोणी दुर्बीण रोखून बसावे किंवा मोबाइल धरून उभे राहावे, हे कोणीही मान्य करत नाही.

वाडा, जाळी आणि चाळ

मराठवाड्यातील आणि देशावरील जुना वाडा हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवत असे. रस्त्याच्या बाजूला जाड भिंत आणि थोडी उघडझाप, तर सगळा मोकळेपणा आतल्या चौकात. ऊन, वारा, पाऊस घरात यायचा, पण नजर यायची नाही. माजघरातली माणसे चौकात येऊन वाळवण घालू शकत होती.

दुसरा जुना उपाय म्हणजे जाळी. तिचा देखणा नमुना याच शहरात आहे. सतराव्या शतकात बांधलेल्या बीबी का मकबऱ्यात दिलरास बानू बेगमची कबर खालच्या पातळीवर आहे. तिच्याभोवती संगमरवरी अष्टकोनी जाळी आहे, आणि पाहणारा वरून खाली पाहतो. संगमरवराच्या नक्षीतून उजेड आणि हवा खेळते, पण आतली जागा बाहेरच्यापासून वेगळी राहते.

मुंबईच्या चाळीने तिसरी तऱ्हा रूढ केली. तिथे गॅलरी एका घराची नसते, सगळ्या मजल्याची असते. शेजारी येता-जाता दारातून आत पाहतो, म्हणून उघड्या दाराला पडदा लागतो. चाळीतला खासगीपणा भिंतीपेक्षा शिष्टाचारावर जास्त टिकला. दिसले तरी न पाहिल्यासारखे करायचे, हा त्यातला अलिखित नियम.

आजच्या फ्लॅटमध्ये यांपैकी काहीच पूर्णपणे उरलेले नाही. चौक गेला, जाळीच्या जागी काचेचा किंवा स्टीलचा कठडा आला आणि समोरच्या इमारतीत कोण राहते हे माहीत नसल्यामुळे शिष्टाचाराचा आधारही कमी झाला.

मोकळी जागा सोडूनही प्रश्न का उरतो?

इमारत बांधताना चारही बाजूंना किती जागा सोडायची, याचे नियम असतात. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता महाराष्ट्रात २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. या मोकळ्या जागेचा मुख्य हेतू उजेड, वारा आणि आग लागल्यास अग्निशमन गाडीला वाट मिळणे हा असतो. दोन गॅलऱ्या एकमेकींच्या समोर येऊ नयेत, हा तिचा हेतू नाही. त्यामुळे नकाशा पूर्णपणे मंजूर आणि नियमात असूनही समोरच्याची गॅलरी थेट आपल्या दिवाणखान्यात पाहू शकते.

गुंठेवारी वसाहतींत अंतर आणखी कमी होते. वीस बाय तीसच्या प्लॉटवर बांधलेल्या घरांच्या भिंती एकमेकींना खेटून असतात. वरचा मजला चढला की त्याची खिडकी शेजारच्या गच्चीवर उघडते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा याच गच्चीवर अंथरूण पडते आणि याच गच्चीवर कुरडया वाळतात. त्यामुळे इथे खासगीपणाचा प्रश्न झोपेचा आणि रोजच्या कामाचाही होतो.

नजरेचा मार्ग: थोडे गणित

गॅलरीत काय दिसते हे तीन गोष्टींवर ठरते: कठड्याची उंची, पाहणाऱ्याची उंची आणि दोघांमधील अंतर. एक साधे उदाहरण घेऊ. गॅलरी पाच फूट खोल आहे, भरीव कठडा सव्वातीन फूट उंच आहे आणि समोरची इमारत तीस फुटांवर आहे. प्रत्येक मजला दहा फुटांचा आहे आणि पाहणाऱ्याचे डोळे त्याच्या पायापासून पाच फुटांवर आहेत. गॅलरी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि माणूस मागच्या भिंतीला टेकून खुर्चीत बसला आहे. त्याचे डोके फरशीपासून साधारण चार फुटांवर येते.

- खालच्या रस्त्यावरून: मागच्या भिंतीजवळ सहा फुटांपेक्षा जास्त उंचीपर्यंतचा भाग झाकला जातो. भिंतीशी उभा असलेला माणूसही दिसत नाही.
- समोरच्या त्याच मजल्यावरून: सुमारे तीन फुटांपर्यंतचा भाग झाकला जातो. बसलेल्याचा चेहरा आणि खांदे दिसतात.
- एक मजला वरून: जेमतेम सव्वा फूट झाकला जातो. बसलेला माणूस जवळजवळ पूर्ण दिसतो.
- दोन मजले वरून: काहीही झाकले जात नाही. गॅलरीतली फरशीसुद्धा दिसते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, रस्त्यावरच्या माणसाची जितकी काळजी केली जाते तितकी गरज नसते. भरीव कठडा असेल तर दोन पावले मागे सरकणे पुरते. दुसरा, खरी अडचण वरून पाहणाऱ्याची आहे आणि तिच्यावर कठडा उंच करणे हा फारसा उपयोगी उपाय नाही. वरून येणारी नजर कठड्याच्या वरच्या मोकळ्या भागातून तिरपी उतरते, म्हणून अडथळाही वरूनच खाली यायला हवा.

याच उदाहरणात छताच्या स्लॅबपासून बांबूची चिक सोडली आणि तिचे खालचे टोक फरशीपासून साडेचार फुटांवर ठेवले, तर काय होते? एक मजला वरच्याला बसलेल्याचा चेहरा दिसत नाही. दोन मजले वरच्याला फक्त पायांकडचा भाग दिसतो. चिकेखाली, कठड्याच्या वर सव्वा फुटाची फट उरते. तिच्यातून वारा येतो आणि बसलेल्या माणसाला समोरचेही दिसते.

समोरच्या त्याच मजल्यावरून येणाऱ्या नजरेला याच्या उलट उपाय लागतो. कठड्याची उंची कुंड्यांनी फूटभर वाढवली की बसलेल्याचे डोके झाकले जाते. मात्र कुंड्या कठड्याच्या माथ्यावर ठेवू नयेत. वाऱ्याने किंवा धक्क्याने त्या खाली पडल्या तर जीव जाऊ शकतो. आतल्या बाजूला स्टँडवर किंवा ग्रिलच्या पक्क्या ट्रेमध्ये त्या ठेवाव्यात. दोन्ही उपाय एकाच बाजूला केले तर गॅलरी बंद होऊन जाते, म्हणून नजर नेमकी कुठून येते हे आधी पाहिलेले बरे.

काचेचा किंवा उभ्या गजांचा कठडा असेल तर हे गणित बिघडते. तो पडू देत नाही, पण झाकतही नाही. रस्त्यावरचा माणूसही त्यातून वर पाहू शकतो. अशा वेळी दुधी फिल्म, चटई किंवा वेल हा सोपा मार्ग ठरतो.

जाळी, चिक आणि गडद काच: दिवसा एक, रात्री दुसरे

जाळीमागे बसलेल्याला बाहेरचे दिसते आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. डोळा समोरच्या सर्वांत उजळ गोष्टीशी जुळवून घेतो. दिवसा बाहेर ऊन असते. जाळीची बाहेरची बाजू उजळून निघते आणि तिच्या छिद्रांमागचा अंधार पाहणाऱ्याला भेदता येत नाही. आत बसलेल्याचे उलट असते. तो अंधारातून उजेडाकडे पाहतो, म्हणून त्याला सगळे दिसते.

सूर्य मावळून घरात दिवा लागला की बाजू बदलतात. आता उजेड आत असतो आणि अंधार बाहेर. हिरवे शेडनेट, चिक, आरशासारखी फिल्म लावलेली काच, या सगळ्यांना हा नियम लागू आहे. दिवसभर ज्या काचेवर विश्वास ठेवला, तीच रात्री दुकानाच्या शोकेससारखी होते. तिन्हीसांजेनंतर गॅलरीतला आणि तिला लागून असलेल्या खोलीतला दिवा मंद ठेवणे किंवा आतून कापडी पडदा ओढणे, हाच त्यावर भरवशाचा उपाय आहे.

कायदा काय म्हणतो?

*पाहणे*

समोरून कोणी आपल्या घरात पाहू शकतो, एवढ्यावर त्याची खिडकी बंद करायला लावता येते का, हा वाद जुना आहे. १८६७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुजरातमधील एका खटल्यात खासगीपणाचा रूढीने चालत आलेला हक्क मान्य केला होता. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे गोकल प्रसाद विरुद्ध राधो हा खटला आला. शेजाऱ्याने बांधलेल्या नव्या घराचा व्हरांडा आणि दारे यांमधून वादीच्या घरातील स्त्रियांच्या वावराची जागा दिसते, अशी ती तक्रार होती. न्यायालयाने असा रूढीजन्य हक्क असू शकतो, असे म्हटले.

१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातही, ज्याला बोलीभाषेत ईझमेंट ॲक्ट म्हणतात, ही कल्पना आहे. कलम १८ रूढीजन्य सुविधाधिकाराबद्दल आहे. एखाद्या गावात शेजाऱ्याच्या खासगीपणाला मोठी बाधा येईल अशी नवी खिडकी न उघडण्याची रूढी असेल, तर तिथे घर बांधणाऱ्याला तो हक्क मिळतो, असे उदाहरणच तिथे दिले आहे. अडचण रूढी सिद्ध करण्याची आहे. जुन्या पेठेत ती कदाचित दाखवता येईल. गेल्या काही दशकांत वसलेल्या वसाहतीत ते जवळजवळ अशक्य असते.

उजेड आणि वाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. इमारतीला २० वर्षे विनाअडथळा मिळालेला उजेड आणि वारा हा त्याच कायद्याखाली हक्क बनू शकतो. म्हणजे शेजाऱ्याने भिंत उभारून उजेड अडवला तर दाद मागण्याचा रस्ता आहे. त्याने नुसते पाहिले तर तो रस्ता फार अरुंद आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. हा निकाल महत्त्वाचा आहे, पण मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध वापरायचे असतात. समोरच्या फ्लॅटमधील माणसाविरुद्ध तक्रार करायची तर फौजदारी किंवा दिवाणी कायद्याचाच आधार लागतो.

*टिपणे आणि पसरवणे*

इथे कायदा जास्त स्पष्ट आहे.

- भारतीय न्याय संहिता, कलम ७७: १ जुलै २०२४ पासून लागू. स्त्री खासगी कृतीत असताना, आणि आपल्याला कोणी पाहत नाही अशी तिची रास्त अपेक्षा असताना, तिला चोरून पाहणे, तिचे चित्र टिपणे किंवा ते पसरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे कारावास आणि दंड. खासगी कृतीची व्याख्या मात्र मर्यादित आहे: अंगावर पुरेसे कपडे नसणे, शौचालयाचा वापर, लैंगिक कृती. गॅलरीत कपडे वाळत घालणे यात बसत नाही. गॅलरीतून शयनगृहात किंवा न्हाणीघराच्या झरोक्यात रोखलेला कॅमेरा बसू शकतो.
- कलम ७९: स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द, हावभाव किंवा कृती करणे, किंवा तिच्या खासगीपणात घुसणे. तीन वर्षांपर्यंत साधा कारावास आणि दंड. गॅलरीसमोर उभे राहून अश्लील इशारे करणे यात येते. हेतू दाखवावा लागतो.
- माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६ ई: कोणत्याही व्यक्तीच्या, म्हणजे पुरुषाच्याही, शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीशिवाय टिपणे किंवा पसरवणे. तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- पॉक्सो कायदा, कलम ११: १८ वर्षांखालील मुला-मुलींना लैंगिक हेतूने वारंवार किंवा सतत न्याहाळत राहणे, हेही लैंगिक छळात मोडते. यात कॅमेरा असण्याची अट नाही.

*सीसीटीव्ही*

चोरीच्या भीतीने घरोघरी कॅमेरे लागले आहेत. आपल्या दारावर, जिन्यावर किंवा पार्किंगवर कॅमेरा लावण्यास हरकत नसते. तो शेजाऱ्याच्या गॅलरीकडे वळला की वाद सुरू होतो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला वगळले आहे, त्यामुळे घरगुती कॅमेऱ्याविरुद्ध तो सहसा कामी येत नाही. त्याआधी एक साधा तोडगा मागता येतो. अनेक कॅमेऱ्यांत प्रायव्हसी मास्क नावाची सोय असते. चित्रातला ठरावीक चौकोन कायमचा काळा करता येतो. शेजाऱ्याची गॅलरी त्या चौकोनात टाकली की दोघांचाही हेतू साधतो.

लंडनचा खटला: मर्यादा कुठे ओलांडली जाते?

पाहणे कधी बेकायदा ठरू शकते, याचे अलीकडचे सर्वांत चर्चित उदाहरण लंडनचे आहे. टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाने २०१६ मध्ये नव्या इमारतीवर शहर पाहण्यासाठी खुली गॅलरी सुरू केली. समोरच निओ बँकसाइड ही काचेच्या भिंतींची निवासी इमारत होती. वर्षाला लाखो लोक त्या गॅलरीत येत आणि त्यांतले काही समोरच्या घरांत पाहत, फोटो काढत, ते इंटरनेटवर टाकत.

रहिवासी न्यायालयात गेले आणि आधी दोनदा हरले. काचेची घरे त्यांनीच घेतली, हवे तर पडदे लावावेत, असा पहिल्या न्यायालयाचा सूर होता. १ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल फिरवला. घरमालकाला सामान्य शेजाऱ्याची नजर सोसावी लागते. पण आपल्या जागेचा असाधारण वापर करून गर्दीला शेजाऱ्याच्या घरात टक लावण्याची सोय करून देणे, हा उपद्रव ठरतो. अशा वेळी पडदे ओढून स्वतःला कोंडून घ्यायची जबाबदारी पीडितावर टाकता येत नाही, असे बहुमताने म्हटले.

हा निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही. तरीही त्यातला भेद इथेही उपयोगी आहे. शेजारी आपल्या गॅलरीत उभा राहतो आणि त्याला समोरचे घर दिसते, ही एक गोष्ट. शेजारच्या गच्चीवर हॉटेल किंवा कार्यालय सुरू होते आणि रोज शंभर अनोळखी लोक तिथून घरात पाहतात, ही दुसरी. दुसऱ्या परिस्थितीत निवासी जागेच्या व्यावसायिक वापराची परवानगी आहे का, हा प्रश्न महापालिकेकडे विचारता येतो.

क्रूझच्या केबिनची बाल्कनी

सहलीला गेल्यावरही हाच प्रश्न भेटतो. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे क्रूझच्या फेऱ्या सुरू झाल्यापासून बाल्कनी असलेली केबिन हा शब्द मराठी घरांतही आला. समोर फक्त समुद्र, म्हणजे पूर्ण एकांत, असे जाहिरातीतून वाटते. प्रत्यक्षात तिथेही नजरेचे मार्ग तेच असतात.

- बाजूने: दोन बाल्कन्यांमध्ये पातळ फळी असते. तिच्या खाली-वर बहुधा फट असते आणि कठड्यावरून वाकले तर पलीकडचे दिसते. आवाज आणि सिगारेटचा धूर तर सहज येतो. शेजारच्या दोन केबिन एकाच कुटुंबाच्या असतील तर काही जहाजांवर कर्मचारी ही फळी उघडून देतात.
- वरून: वरची बाल्कनी नेमकी डोक्यावर असेल तर आडोसा मिळतो. जहाजाच्या मागच्या टोकाला मजले पायऱ्यांसारखे मागे सरकत जातात, तिथे वरच्या मजल्यावरून खालची बाल्कनी पूर्ण दिसू शकते.
- पुढून: जहाज चालवण्याच्या कक्षाचे दोन्ही पंख बाजूला बाहेर आलेले असतात, कारण बंदरात लागताना जहाजाची कड दिसावी लागते. तिथून बाल्कन्यांची पूर्ण रांग दिसते. जहाजाच्या बाजूंवर सुरक्षेचे कॅमेरेही असतात.
- समोरून: बंदरात शेजारी दुसरे जहाज लागले की तीस फुटी रस्त्यासारखी स्थिती होते. ओॲसिस ऑफ द सीज या २००९ मध्ये आलेल्या जहाजापासून काही मोठ्या जहाजांवर बाल्कन्या आतल्या बागेकडे उघडतात. त्या सोसायटीच्या आतल्या चौकासारख्या समोरासमोर असतात.

भर समुद्रात जहाजावर सामान्यतः ते ज्या देशात नोंदवले आहे त्याचा कायदा चालतो. त्यामुळे चित्रीकरणाची तक्रार असेल तर ती आधी जहाजावरच लेखी द्यावी आणि नोंदीची प्रत घ्यावी. केबिन निवडताना डेकचा नकाशा पाहून वर काय आहे, कठडा काचेचा आहे की भरीव, हे विचारून घेणे सोपे असते.

तक्रार करायची असेल तर

१. आधी नोंद ठेवावी. तारीख, वेळ, काय घडले, कोणी पाहिले, हे वहीत लिहावे. फोटो किंवा व्हिडिओ कोणी पसरवला असेल तर स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवावी.

२. प्रश्न कॅमेऱ्याच्या दिशेचा, खिडकीचा किंवा फ्लेक्सचा असेल तर सोसायटीकडे लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगणे पुढे सिद्ध करता येत नाही.

३. चित्रीकरण, इशारे किंवा धमकी असेल तर सोसायटीची वाट पाहू नये. ११२ वर फोन करता येतो, महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे न पाहता कोणत्याही पोलीस ठाण्यात तो नोंदवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे.

४. चित्र इंटरनेटवर गेले असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*गॅलरी काच लावून खोलीत घेतली तर चालते का?*
परवानगीशिवाय नाही. बाहेरचे स्वरूप बदलायला सोसायटीची आणि बांधकामात बदल करायला महापालिकेची मंजुरी लागते. पूर्ण बंद ग्रिल लावताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आग लागल्यास गॅलरी ही सुटकेची जागा असते, म्हणून ग्रिलला आतून उघडणारे दार असावे.

*भाडेकरूला हे हक्क आहेत का?*
आहेत. फौजदारी कायदा व्यक्तीला संरक्षण देतो, मालकीला नाही. गॅलरीत खिळे ठोकायला किंवा चौकट बसवायला मात्र घरमालकाची संमती घ्यावी.

*समोरचा माणूस रोज टक लावून पाहतो, पण फोटो काढत नाही. काय करावे?*
स्त्री असेल आणि सोबत इशारे किंवा शेरेबाजी असेल तर कलम ७९ लागू होऊ शकते. तसे काही नसेल तर पोलिसांत गुन्हा नोंदला जाणे कठीण आहे. सोसायटीमार्फत किंवा त्याच्या घरातील वडीलधाऱ्यांशी बोलणे आणि त्या बाजूला चिक सोडणे, हे दोन्ही एकाच वेळी करावे.

*फ्लॅट घेताना काय पाहावे?*
गॅलरीत एकदा दिवसा आणि एकदा दिवे लागल्यावर जाऊन बसावे, उभे राहू नये, कारण वापर बसूनच होतो. समोर आणि बाजूला रिकामा प्लॉट असेल तर तिथे उद्या इमारत येणार, असे धरून चालावे. आज मोकळे दिसणारे आभाळ करारनाम्यात लिहिलेले नसते.